थोरल्याचा सदरा

१० सप्टेंबर १९९५, रविवार

डायरी मागच्या सालची आहे, ९४ची. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून खरा लिहिते. औषध कंपनीवाल्यानं सेलिनबाईला दिली, तिनं मला दिली. सेलिनबाई म्हणजे आमच्या भिवंडीच्या प्रसूतिगृहातली नर्स, वसईची ख्रिस्ती. मी तिथं आया आहे. म्हणाली, "राहीबाई, तुम्ही घरची कटकट माझ्या डोक्याशी करता, ती यात लिहा. मला दोन घास सुखानं खाऊ द्या." चौथी पास आहे मी. अक्षर वाकडं आहे पण वाचता येतं. वाचणार कोण म्हणा.

आज रविवार म्हणजे अंगणात पिवळी माणसं. माझा नवरा चांगदेव काविळीचं औषध देतो. त्याच्या बापानं दिलं, आज्यानं दिलं. फुकट द्यायचं, नारळ तेवढा घ्यायचा. भिवंडीच्या लूमवरचे भय्ये येतात, काल्हेरचे गोडाऊनवाले येतात. मी त्याला इथं म्हातारा लिहिणार. तोंडावर म्हणत नाही.

म्हाताऱ्याचे डोळे दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेले. तरी खाडीच्या बांधावर जातो, वास घेऊन, हातानं चाचपून मुळी काढतो. कुठली ते कोणाला माहीत नाही. मलाही नाही. तीस वर्षं भाकऱ्या थापल्या याच्या, पण मुळी नाही सांगितली.

आज सगळे गेल्यावर म्हणाला, "दिवालीत ग्रहन हाय. तवा मी केसरीला देनार."

त्यांचा नियम असा. औषध एकालाच द्यायचं, एकदाच. ग्रहणात, खाडीच्या पाण्यात उभं राहून कानात सांगायचं. घेणाऱ्यानं उपाशी, ओल्या अंगानं यायचं आणि उठल्यापासून ग्रहण सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्या आधी आणि नंतर कोणी त्यावर बोलायचं नाही. दिलं की देणाऱ्याचा हात संपला, त्यानं पुन्हा मुळीला शिवायचं नाही. आणि घेतलेल्यानं एक रात्रसुद्धा गावाबाहेर काढायची नाही.

मी म्हटलं, "आणि विठूला?"

"विठूला विठूचं."

म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

१३ सप्टेंबर, बुधवार

केसरीनाथ माझा थोरला, सत्तावीसचा. लूमवर आहे, बारा तासांची शिफ्ट. रेड्यासारखा खांदा, अंगाला तेलाचा वास, केसांत कापूस. तो झाला तेव्हा मी अठराची. सासूनं उचलून नेला, मी फक्त पाजायला. मोठा झाला तेव्हा बापाच्या मागं मागं. बापसुद्धा केसरी आला की हसतो. डोळे गेल्यावर जास्तच. पायाच्या आवाजावरनं ओळखतो.

त्यानंतर माझी दोन गेली. मग विठू. तो माझा. लहानपणी अंगावर पाणी पडलं की त्याचा कान फुटायचा, मी मांडीवर घेऊन बसायची. अजून त्याचा तो कान नाजूकच आहे. एकवीसचा आहे, दहावी दोनदा नापास. महादू ड्रायव्हरच्या गाडीवर क्लीनर म्हणून जायचं म्हणतो. काल्हेरवरनं माल भरून इंदूर, नागपूर, कुठं कुठं. मी म्हटलं, पाय तोडीन.

केसरीला लूम आहे, बायको आहे, आता पोर होईल. वर औषधाचा मान पण त्यालाच. आणि माझा विठू परक्याच्या गाडीच्या काचा पुसणार. हा कुठला न्याय? लिहिल्यावर तरी कळेल वाटलं होतं, नाही कळलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज गणपती दूध प्यायला. सगळी भिवंडी वाट्या घेऊन रांगेत. डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलचं दूध संपवलं, पेशंटला चहा काळा. मी पण चमचा लावला. दूध गेलं. खाली बघितलं तर फरशी ओली. मी पुजाऱ्याला म्हटलं, अरे हे तर वाहतंय. पाठीमागच्या बायका मला खायला उठल्या. घरी येऊन म्हाताऱ्याला सांगितलं. म्हणाला, "ज्याला प्यायला बगायचाय त्याला बगू दे ना. तुजं काय जातं?"

हा माणूस सरळ बोलत नाही कधी.

२६ सप्टेंबर, मंगळवार

जेवताना सेलिनबाईकडं रडगाणं गायले. ती म्हणाली, आमच्या धर्मग्रंथात अशीच गोष्ट आहे. नावं अवघड होती, राहिली नाहीत.

एक म्हातारा, डोळ्यांनी आंधळा. दोन पोरं, तीही जुळी. थोरला शिकारी, अंगभर केसाळ, बापाचा लाडका. धाकटा घरात राहणारा, गुळगुळीत, आईचा लाडका. बाप थोरल्याला म्हणतो, शिकार आण, रांधून घाल, मग मी तुला आशीर्वाद देतो. तो आशीर्वाद एकदाच देता येतो. आईनं ऐकलं. तिनं धाकट्याला थोरल्याचे कपडे घातले, हाताला गळ्याला करडाची कातडी गुंडाळली, घरातल्या करडाचं मटण केलं आणि पाठवलं आत. बापानं हात चाचपला, कपड्याचा वास घेतला. म्हणाला, आवाज धाकट्याचा वाटतो, हात तर थोरल्याचे आहेत. आणि देऊन टाकला आशीर्वाद!

मी म्हटलं, "बाई हुशार."

सेलिनबाई म्हणाली, "अहो थांबा, धडा पुढं आहे. यातून आपण काय शिकायचं—" तेवढ्यात लेबर रूममधून बोंब. पडघ्याची बाई, डोकं बाहेर आलेलं. आम्ही ताट टाकून पळालो. मुलगा झाला. पुढची गोष्ट राहिली ती राहिलीच.

पण मटणाचा वास निराळा. बकरी आणि हरण म्हाताऱ्याला कळलं नाही म्हणजे कमाल. मसाला जास्त घातला असेल.

३ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

सुनेला सातवा लागला. आज माहेरी गेली, कोन गावाला. केसरी सोडून आला तर तोंड एवढंसं. बाप त्याला म्हणतो, "सासऱ्याच्या दारात जास्त बसू नको, कुत्रा पन वलखनार न्हाय." दोघं खिदळतात. मी भांडी घासते.

विठू सोनं द्यायला माझ्याकडं पहिला आला. मग बापाकडं. बापानं डोक्यावर हात ठेवला, पण पटकन काढला. मी बघितलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

केसरीचा जुना सदरा धुवायला काढला आणि धुतला नाही. तेलाचा वास आहे त्याला.

मी काही ठरवलेलं नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

यात पाप काय? औषध घरातच राहतं. बाहेर तर कोणाला जात नाही. केसरी शिफ्टमध्ये अडकलेला, रविवारी सकाळी झोपा काढतो, तो काय लोकांना औषध देणार? विठू घरी असतो. विठूला औषध मिळालं की लोक विठूबाबा म्हणतील, आणि तो घरी राहील. मला माझ्यासाठी काही नको. त्याचंच भलं.

हे सगळं बरोबर आहे, मग तो सदरा मी गोधडीखाली का लपवला?

२० ऑक्टोबर, शुक्रवार

केसरीला सांगितलं, "बा म्हनतो, या ग्रहनाला नको. संक्रांतीला देईन."

तो म्हणाला, "बा मना काय बोलला न्हाय."

"बोलायचं नसतं, माहीत न्हाय तुला? तू पन विचारू नको, हाताचं यश जाईल. आनि ग्रहनात पोटुशी बाई एकटी न्हाय ठेवायची. तू कोनला जा. सुरी बिरी हातात घेऊ देऊ नको तिला."

केसरी दारात थांबला. मग म्हणाला, "आय, तुला तिची एवडी काळजी हाय? मना वाटलं न्हवतं." आणि वाकून माझ्या पाया पडला. मोठा माणूस, दारातच.

मी म्हटलं, चल उठ, भाकरी करपतेय.

२२ ऑक्टोबर, रविवार

विठू ऐकेना.

"आय, मना नको तो. मना गाडीवर जायचाय."

"गाडीवर काय ठेवलंय? टायर?"

"आनि बाला कळला तर? मना शाप दील."

"शाप लागला तर मला लागू दे. तू फक्त गप रहा. गप रहायचंच आहे, नियमच आहे. सोपं आहे."

"केसरीदादाला काय सांगशील?"

"ते मी बघते."

"तूच बगतेस सगला," म्हणाला आणि उठून गेला. पण नाही म्हणाला नाही. माझं पोर गुणी आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, ग्रहण

केसरी काल दुपारीच कोनला गेला. म्हाताऱ्याला सांगितलं, ड्युटीवर गेला, पहाटे येईल.

पहाटे विठूला केसरीचा सदरा घातला. खांद्याला लोंबायला लागला. म्हातारा खांदा धरून चालणार, हाडं हाताला लागली असती. मी टॉवेलाची घडी करून दोन्ही खांद्यांवर सदऱ्याच्या आतून टाचली. केसांत कापूस लावला. मशीनचं तेल होतं शिलाई मशीनचं, ते कॉलरला चोळलं. मग दोन कळशा ओतल्या अंगावर. तो कुडकुडत होता. मी म्हटलं, केसरी कुडकुडत नाही, सरळ उभा रहा.

गावात कोणी बाहेर नव्हतं. सगळ्यांची दारं बंद, ग्रहण लागलेलं. उजेड असा पडला की जसा कंदिलाची काच काळी झाल्यावर पडतो. बगळे झाडावर जाऊन बसले. म्हातारा ओट्यावर उभाच होता. विठू पुढं गेला. म्हाताऱ्यानं हात लांब केला, खांदा धरला. हात थांबला. पुन्हा जरा दाबला. मग म्हातारा म्हणाला, "चल."

मी मागून बांधापर्यंत गेले. जायचं नसतं, पण गेले. दोघं गुडघाभर पाण्यात उभे. म्हाताऱ्यानं तोंड कानाला लावलं. मला वाटलं चार शब्द असतील. पण म्हातारा बोलतच राहिला, बोलतच राहिला. एवढं तो माझ्याशी वर्षात बोलला नसेल. विठू मान खाली घालून. मध्येच त्यानं हातानं डोळे पुसले, का खाडीचं पाणी उडालं, लांबून कळलं नाही.

ते निघाले तशी मी बांधाआडून आधी धावत घरी आले. म्हातारा आल्या आल्या मला म्हणतो, "पोराला कोरडा कापड दे. कान आदी पूस त्याचे, आतून पूस."

बघा. केसरीची केवढी काळजी. घोडा झालाय तो, त्याचे कान पुसायचे. विठू लहान असताना एकदा तरी कान पुसले का यानं?

पण झालं काम. फसला. हसू आलं मला, मग हसू गेलं. का गेलं माहीत नाही.

२५ ऑक्टोबर, बुधवार

नियमाप्रमाणे सव्वा महिना औषध बंद. मग नवीन हातानं सुरू करायचं. म्हाताऱ्यानं आल्या-गेल्याला सांगितलं, ३ डिसेंबरच्या रविवारी या. "कोन देनार बाबा?" एकानं विचारलं. म्हातारा म्हणाला, "ज्याला दिला तो दील." सव्वा महिन्यात मी काहीतरी जुळवीन. केसरी आता रविवारी कोनला असतो, त्याला बंद अंगण दिसणार नाही; पुढं काय सांगायचं ते सुचेल.

केसरी कोनहून पेढे घेऊन आला, सासऱ्यानं दिलेले. पहिला मला दिला.

१२ नोव्हेंबर, रविवार

विठू बोलत नाही. सकाळी उठून बांधावर जातो, झाडपाला हुंगत बसतो. जेवण अर्धं. मी म्हटलं, मासे केलेत. म्हणाला, "मासे न्हाय खायचे आता, तसा हाय." मला माहीत नव्हतं. म्हातारा कधी मासे खात नाही हे खरं, पण मला वाटायचं त्याला आवडत नाहीत.

संध्याकाळी महादूची गाडी रस्त्यावर थांबली. हॉर्न वाजवला. विठू कुंपणापर्यंत गेला आणि परत आला.

"काय म्हणतो महादू?"

"इंदूरला चाललाय. तीन दिस."

"बरं झालं तू नाही गेलास."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तूच खुट्याला बांधलास मना. आता घाल चारा."

माझ्या पोटच्या पोरानं असं बोलावं. मी कोणासाठी केलं?

२० नोव्हेंबर, सोमवार

कोनहून निरोप. सुनेचे डोळे पिवळे. उलट्या. लघवी चहासारखी. आठवा महिना चालू आहे. सेलिनबाईला सांगितलं तर ती हातातलं टाकून उठली. "पोटुशीला कावीळ? राहीबाई, आजच्या आज ठाण्याला न्या, मोठ्या हॉस्पिटलात. बाई पण जाते यात." मी म्हटलं, आमच्या घरातच औषध आहे. ती ओरडली माझ्यावर. कधी ओरडत नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिते. झालं तसं लिहिते.

सकाळी केसरी आला, रिक्षा दारात उभी ठेवून. बापाचे पाय धरले.

"बा, तिला औषद दे. तुज्या हातानं दे. संक्रांतीपरत थांबायला वेळ न्हाय."

म्हातारा म्हणाला, "संक्रांतीचा काय?"

"तू मना संक्रांतीला देनार हायस ना? आता तुजाच हात चालतो. दे."

म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले. मग म्हणाला, "माजा हात गेला. ग्रहनाला दिला मी."

"कोनाला?"

मी स्वयंपाकघराच्या दारात. वाटलं मधे पडावं, पण काय बोलू? तेवढ्यात विठू पुढं आला. पांढराफट.

"दादा, माज्याकडं हाय."

केसरी आधी हसला. त्याला वाटलं चेष्टा. मग विठूकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान वळवली नसती तर कदाचित कळलं नसतं.

"बरा," केसरी म्हणाला. आवाज बारीक. "तुज्याकडं तर तुज्याकडं. काढ मुळी. चल."

"न्हाय द्यायचा, दादा."

"काय?"

"पोटुशी बाईला न्हाय द्यायचा. पोर जातं. बानं सांगितलाय कानात."

केसरीनं त्याची गचांडी धरली. "माजा घेतलास तो घेतलास, आता माज्या बायकोला पन न्हाय म्हनतोस?" भिंतीवर आपटला. मी ओरडत मधे पडले. मला वाटलं विठूला मारून टाकतो. तेव्हा म्हातारा काठी आपटून उठला.

"सोड त्याला. विठू बरोबर बोलतो. तिला मुळी न्हाय चालनार. ठान्याला ने तिला, डाक्टरकडं. आता ने. उबा राहू नको."

केसरीनं सोडलं. धापा टाकत होता. मग त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, कसं केलंस. मी सांगितलं. खोटं सांगायला त्राणच नव्हतं. सदरा, टॉवेल, तेल, सगळं.

तो बापाच्या समोर बसला. त्याचा हात घेऊन स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

"बा, ह्यो माजा खांदा. ह्यो टॉवेलाचा हाय?"

म्हाताऱ्यानं हात काढला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. आंधळ्या डोळ्यांतून पण येतं तसंच.

"माज्यासाटी काय ठेवलास का न्हाय?" केसरी म्हणाला. लहान पोरासारखा म्हणाला. मग रिक्षावाला हाका मारायला लागला, तसा उठून गेला.

आता सगळं शांत आहे. मला एक कळत नाही. विठूकडं औषध आहे हे कळल्यावर म्हातारा चमकला कसा नाही? "विठू बरोबर बोलतो" म्हणाला. तू कुठून शिकलास, असं विचारलंच नाही. मी भाकरी वाढताना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? म्हणाला, "मीठ दे."

ठाऊक होतं तर हाकलून का नाही दिलं? लाडका तर केसरी. मग द्यायचं का विठूला? का माझी भीड? का केसरीला मोकळा सोडायचा होता आणि बांधायला विठू बरा, असं? माझं डोकं फिरलं. मी याला फसवलं का यानं मला, तेच कळेना झालं.

२६ नोव्हेंबर, रविवार

ठाण्याच्या हॉस्पिटलात सून चार दिवस बेशुद्ध होती. काल शुद्धीवर आली. पोर आधीच झालं, मुलगी, हाताच्या पंजाएवढी. काचेच्या पेटीत ठेवलीय. जगेल म्हणतात, पण "म्हणतात".

मी डबा घेऊन गेले. केसरी जिन्यात भेटला. डबा घेतला. म्हणाला, "आय, आता तू घरी जा."

"पोरीला बघते जरा."

"मी बोलवीन तवा ये."

"कधी बोलवशील?"

"म्हाईत न्हाय. तिला घेऊन मी कोनलाच रहानार. तिकडून लूम जवळ पडतो."

लूम तिकडून जवळ पडत नाही. मला रस्ता माहीत आहे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

विठू गेला. पहाटे महादूच्या गाडीत बसून. मी ड्युटीला निघत होते तर अंथरूण गुंडाळलेलं. म्हाताऱ्याला सांगून गेला, मला नाही.

"काय म्हणाला तुम्हाला?"

"पाया पडला."

"आणि तुम्ही जाऊ दिलं? एक रात्र बाहेर काढली की औषध मेलं!"

"मेला."

"आणि नियम?"

म्हातारा म्हणाला, "राही, किती जनांना बांधशील?"

मी बांधलं? मी? औषध यांचं, नियम यांचा, खाडी यांची. मी एक सदरा घातला फक्त.

महादूच्या बायकोकडं गेले. ती म्हणाली, गाडी इंदूरहून पुढं जाणार, कलकत्त्याला. परत कधी, तिला पण माहीत नाही. "विठू म्हनत व्हता, मी तिकडंच बगीन काम."

३० नोव्हेंबर, गुरुवार

सेलिनबाईला विचारलं, त्या गोष्टीत पुढं काय झालं.

"कुठल्या?"

"ती. करडाच्या कातड्याची."

तिनं सांगितलं. थोरला आला तेव्हा बाप थरथर कापला. थोरला मोठ्यानं रडला. म्हणाला, माझ्यासाठी एक पण नाही ठेवला? मग तो धाकट्याच्या जिवावर उठला, म्हणून आईनं धाकट्याला आपल्या भावाकडं धाडला, लांब. म्हणाली, थोडे दिवस जा, राग गेला की बोलावते.

"आणि बोलावलं?"

"वीस वर्षं गेली, राहीबाई. तिथं मामानं त्यालाच फसवलं, तसंच, एकीच्या जागी दुसरी बायको गळ्यात घालून. शेवटी दोघे भाऊ भेटले, गळ्यात पडून रडले."

"आणि आई?"

सेलिनबाई म्हणाली, "तिचं पुढं काहीच येत नाही. मुलगा परत आला तेव्हा ती होती का गेली, ते पण लिहिलेलं नाही."

"असं कसं? एवढं सगळं तिनं केलं."

"नाही लिहिलेलं."

मला राग आला. म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं? ती म्हणाली, मी सांगतच होते. खरंय, ती पडघ्याची बाई अडली होती तेव्हा. पण दुसऱ्या दिवशी विचारायला माझं तोंड शिवलं होतं का? मला जेवढं हवं होतं तेवढंच मी घेतलं. पुढचं ऐकून मी थांबले असते का? हो म्हणवत नाही. नाही पण म्हणवत नाही.

३ डिसेंबर, रविवार

सव्वा महिना आज भरला. सकाळी दार उघडलं तर अंगण भरलेलं. वीस-बावीस माणसं, हातात नारळ. काही भिवंडीहून चालत आलेली. म्हातारा ओट्यावर, तोंड त्यांच्याकडं करून बसलेला.

मी आत गेले, बाहेर आले, आत गेले. त्याला म्हटलं, "सांगा ना त्यांना काहीतरी. आजारी आहे देणारा म्हणा. पुढच्या रविवारी या म्हणा."

"पुडच्या रविवारी काय सांगशील?"

"मग तुम्हीच द्या आजच्या दिवस. कोणाला कळणार आहे?"

त्यानं नुसते दोन्ही हात वर करून दाखवले आणि परत मांडीवर ठेवले. "तू सांग," म्हणाला. "काय झाला ते सांग."

मी पायरीवर उभी राहिले. खाकरून बोलले. म्हटलं, औषध बंद झालं. या घरात आता कोणी देणारं नाही. कशानं, म्हणून कोन गावची एक म्हातारी बोलली. मी सांगितलं, थोरल्याला मिळायचं होतं, मी धाकट्याला थोरला करून आंधळ्या बापापुढं उभा केला. आता थोरला येत नाही आणि धाकटा गेला. मीच केलं. लूमवाल्यांना हिंदीत पण सांगितलं, जमेल तसं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायका एकमेकींकडं बघत पदर सावरून निघाल्या. एकजण म्हणाला, "चलो, टाइम खोटी हुआ."

सगळे गेले, एक पोरगा राहिला. विठूच्या वयाचा, डोळे हळदीसारखे. उठवेना त्याला. त्याचा सोबती शिफ्टची वेळ झाली म्हणून निघून गेला होता. "मौसी, थोडा तो होगा? पुराना भी चलेगा."

मी म्हटलं, नाही रे बाबा. रिक्षा बोलावली, त्याला आत घातला. म्हातारा ओट्यावरून म्हणाला, "सरकारीत ने, खासगीत हात न्हाय लावनार." नेलं.

खिडकीवरच्या बाईनं कागद पुढं केला. "याच्याबरोबर कोण आहे? तुम्ही? सही करा. नाव इथं, नातं इथं."

पोरगा बाकावर आडवा झाला होता, तोंड भिंतीकडं. मी नाव लिहिलं, राहीबाई चांगदेव. शेजारचा रकाना बघत उभी राहिले. मागं रांग लागली. बाई म्हणाली, "अहो लिहा ना, कोण लागतो तुमचा?"

मी पेन तिच्याकडं परत दिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पोराकडं, आणि स्वतःच त्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मला वाचता येतं. पण मी वाचलं नाही. त्याला पाणी आणायला गेले.